खंडेनवमीची मोटार

माझ्या चुलत भावाच्या उजव्या हाताला आता तीन बोटं आहेत. उरलेली दोन मी घेतली. कुऱ्हाडीने नाही, कोयत्याने नाही. लातूरला एका शिकवणी वर्गाच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन तासांच्या मधल्या वेळात उभ्या उभ्या फोन दाबून घेतली. आमच्या घरात ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. मी कधी बोलायला गेले तर विषय बदलतात, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं घराणंच मारकुटं. काका, म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, रागावले की आधी त्यांचा हात चालायचा आणि मग तोंड. बैल, गडी, पोटचा मुलगा, समोर येईल त्याला बसायची. मी त्यांच्यावर गेले आहे असं आई म्हणते आणि ते खरं आहे. चौथीत मी वेणी ओढणाऱ्या एका मुलाचा पुढचा दात पाडला होता, आणि काकांनी मला त्याबद्दल पेढा दिला होता. आमच्यात गरीब निघाले ते एकटे माझे वडील. त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी आयुष्यात कधी कुणावर हात उगारला नाही, आणि याचा मला लहानपणापासून राग यायचा.

भूकंप झाला तेव्हा मी तिसरीत होते. उजाडलं तेव्हा गाव उरलं नव्हतं, नुसते दगडांचे ढीग होते. आमच्याकडच्या भिंती दगडामातीच्या, दोन-दोन हात रुंद. त्यांनीच माणसं मारली. मी आणि माझा चुलत भाऊ एकाच भिंतीखाली होतो. काकांना ना टिकाव सापडला ना खोरं. त्यांनी आम्हाला हातांनी उकरून काढलं. मला वर ओढलं तेव्हा त्यांच्या बोटांना नखं नव्हती. माझे आजोबा आणि काकांची धाकटी मुलगी दुपारी सापडली, ती तशीच, चेहरे ओळखू न येणारी. काका रडले नाहीत. पडलेल्या घराची तुळई कुऱ्हाडीने फोडत संध्याकाळपर्यंत बसून राहिले. कुणी जवळ गेलं की त्याच्याकडे कुऱ्हाड वळायची.

मग नवं गाव वसलं, आणि एका घराच्या बदल्यात दोन भावांना दोन घरं मिळाली. दोन घरं म्हटल्यावर दोन चुली आल्या, आणि दोन चुलींच्या मागे जमिनीची वाटणी आली. बैल वाटले, कडब्याची गंज वाटली. विहीर तेवढी वाटता येईना. एक विहीर, आत कडेच्या कट्ट्यावर एक मोटार आणि दोघांच्या रानात जाणाऱ्या दोन पाइपलाइनी. तीन दिवस दादांची बारी, तीन दिवस काकांची. सूर्य उगवला की बारी बदलायची.

पाऊस धड होता तोवर या बारीवरून कधी आवाज चढला नाही. पुढे पावसाचंच डोकं फिरलं. दीड दीड महिना ढगाचा तुकडा नाही, आणि मग एका दुपारी एवढा कोसळायचा की बांध फुटून काळी माती ओढ्याला लागायची. एका फाल्गुनात लिंबाएवढ्या गारा पडल्या. काढणीला आलेला गहू जमिनीत ठेचला गेला, काकांची वासरी दावणीलाच मेली. दादा डोक्यावर घमेलं धरून घरी आले, आणि त्या लोखंडी घमेल्याला जागोजाग पोचे होते. आई ते घमेलं हातात घेऊन वळून वळून बघत होती. हे डोक्यावर पडलं असतं, एवढंच म्हणत होती.

त्यानंतरच्या एका वर्षी पोळ्यापासून आभाळ कोरडं राहिलं. विहिरीचं पाणी तळाला गेलं. दादांनी मोठ्या हौसेने दोन एकर पपई लावली होती, फळं धरायला लागली होती. दादांच्या बारीत दिवसभर वीज नव्हती. म्हणून त्यांनी सूर्य उगवल्यावरही मोटार तासभर चालू ठेवली, काकांना समजावून सांगू म्हणाले. काका फावड्याचा दांडा घेऊन आले. समजावून सांगायला वेळ मिळाला नाही. दादांच्या डोक्याला अकरा टाके पडले.

मी तेव्हा लातूरला भौतिकशास्त्र शिकवत होते. नांदेडला शिकले, लातूरला चिकटले. तो काळच शिकवण्यांचा होता. गल्लीगल्लीत वर्ग, खांबाखांबावर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो, हदगावपासून उदगीरपर्यंतची पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन खोल्यांत कोंबलेली. मीही पोरांना बडवायचे. बाप लोक स्वतः सांगायचे, मॅडम, हाडं आमची, कातडी तुमची. दादांची बातमी कळली तशी मी चालू तास सोडून एसटीत बसले. दवाखान्यात गेलेच नाही. थेट काकांच्या दारात गेले आणि पायातली चप्पल काढली.

काका पुढे झाले तेवढ्यात चुलत भाऊ मधे आला. चप्पल त्याच्या गालावर बसली. चांगली जोरात बसली, ओठ फुटला. तो हललाही नाही.

"झालं का, आक्का?" तो म्हणाला. "आनखी एक हानायची आसंल तर हान. मग बस, आन् विहिरीचं काय करायचं ते बोलू."

तो माझ्याहून सहा महिन्यांनी लहान. बापासारखा धिप्पाड, आणि स्वभावाने माझ्या बापासारखा. जळालेल्या मोटारी भरून देणं हा त्याचा धंदा, तालुक्याला दुकान. उदगीरच्या एका मुसलमान उस्तादाकडे तीन वर्षं राहून शिकला होता. तांब्याची तार गुंडाळताना तो मोजायचा नाही. अंगठा आणि दोन बोटं यांच्यामधून तार सरकताना वेढे किती झाले ते त्याच्या बोटांना कळायचं. चार तालुक्यांतल्या मोटारी त्याच्याकडे यायच्या त्या या बोटांमुळे. उस्तादाने त्याला पहिल्या दिवशी थोबाडीत देऊन एक गोष्ट शिकवली होती. पयले फ्यूज, बाद में हात. तो कुठल्याही मोटारीजवळ जाताना वर काठावरच्या विजेच्या पेटीतला फ्यूज काढून सदऱ्याच्या खिशात घालायचा, तेव्हाच खाली उतरायचा.

त्या दिवशी फुटक्या ओठानेच त्याने मला सगळं समजावलं. मोटारीला फोनवरून चालणारा स्टार्टर बसवू. किती वाजता चालू झाली, किती वाजता बंद झाली, कुणाच्या नंबरवरून, सगळं दोघांच्या फोनवर येईल. मग सूर्य उगवला होता की नव्हता यावरून डोकी फुटणार नाहीत. मी म्हटलं, पपईला ठिबक करू आणि मातीतला ओलावा सांगणारी दांडी बसवू, म्हणजे पाणी लागेल तेवढंच उचललं जाईल. पैसे मी घातले, हात त्याने लावले. ठिबकचा व्हॉल्व्हही फोनवरून उघडेल असा बसवला. स्टार्टरमध्ये दोनच नंबर घातले, एक त्याचा आणि एक माझा, कारण दोन्ही म्हाताऱ्यांवर आमचा विश्वास नव्हता. अट एकच. एकमेकांच्या बारीत फोनला हात लावायचा नाही. त्याने मान डोलावली. मी आईची शपथ घेतली.

आणि ते जमलं. खोटं कशाला बोलू, फार छान जमलं. लातूरच्या खोलीत चहा पिताना मला फोनवर दिसायचं की आमच्या पपईच्या मुळाशी किती ओल आहे. हिरवी पट्टी असली की गप्प बसायचं, पिवळी झाली की आपल्या बारीत तासभर मोटार चालवायची. निम्म्या पाण्यात झाडं तगली. दादा त्या दांडीला वैद्य म्हणायचे. पाहुणे आले की आधी वैद्य दाखवायला न्यायचे आणि मग चहा. काकासुद्धा एकदा बांधावर उभं राहून म्हणाले, "आमच्या हळदीला बी एक वैद्य बसवा की रे." टाके घातल्यापासून ते दादांशी पहिल्यांदा बोलले ते हेच. दादांनी लगेच त्यांना घरात बोलावून जेवायला घातलं. मला ते पटलं नव्हतं. माझ्या मनात काकांचा हिशेब चुकता व्हायचा होता.

खंडेनवमीला आमच्याकडे झाडून सगळी अवजारं धुऊन पाटावर मांडतात. विळे, खुरपी, पाभरीचे फण, फवारणीचा पंप. हळदीकुंकू, झेंडूची फुलं, नारळ. एकदा पूजलं की दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत त्या अवजाराला हात लावायचा नाही. विळ्याने भाजीसुद्धा चिरायची नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण शिकवणी वर्गाला खंडेनवमी नसते. त्या आठवड्यात आमच्याकडे सराव परीक्षा चालू होत्या, चारशे पेपर तपासायचे होते, आणि आज कुठली तिथी हे मला कुणी विचारलं असतं तर मी त्यालाच ओरडले असते.

सकाळी साडेदहाला तास संपला. फोन उघडला तर पट्टी लाल. पिवळी नाही, एकदम लाल. काल संध्याकाळी ती हिरवी होती.

ओली काळी माती एका रात्रीत अशी वाळत नाही. हे समजायला भौतिकशास्त्र लागत नाही, आणि मी तर ते शिकवत होते. पण माझ्या डोळ्यांसमोर पट्टी आली नाही, काका आले. कालपर्यंत आमची बारी होती, आजपासून त्यांची. मला वाटलं, त्यांनी आमचं ठिबक तोडलं, नाहीतर काल आमचं पाणी तिकडे वळवून घेतलं. दादांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा लावला. दादा फोन उचलत नाहीत असं कधी होत नाही. मला दिसलं, खरंच दिसलं, की दादा बांधावर पडले आहेत आणि काका दांडा धरून उभे आहेत. माझे कान तापले. घ्या पाणी, मी मोठ्याने म्हणाले. बाहेर व्हरांड्यात उभी असलेली दोन पोरं दचकून बाजूला झाली. आज बारी कुणाची हे मला पक्कं माहीत होतं. शपथ आठवत होती. मी आमचा व्हॉल्व्ह उघडला आणि मोटार चालू केली.

स्क्रीनवर मोटार चालू असं आलं. मला बरं वाटलं. एका माणसाला न मारता मारल्याचं समाधान वाटलं. फोन पर्समध्ये टाकून मी पुढच्या तासाला गेले आणि पाऊण तास शिकवत राहिले. चांगलं शिकवलं, पोरं हसलीसुद्धा.

बाहेर आले तेव्हा आईचे सतरा फोन येऊन गेले होते.

आई आधी नुसतीच ओरडत होती. मग हळूहळू कळलं. दादांनी त्या दिवशी वैद्यालाही मातीतून उपटून, धुऊन, पुसून, कुंकू लावून पाटावर ठेवलं होतं. ते अवजारच, ते पूजेतून का सुटेल? कोरड्या पाटावर ती दांडी कोरडं सांगत होती. दादांनी त्यांचा फोनही पाटावर ठेवला होता. "तुजा फोन वाजत व्हता गं," आई म्हणाली, "पर पूजला व्हता न्हवं, त्याच्यावर फूल व्हतं. दादानी हात लावू दिला न्हाई."

विहिरीवर चुलत भाऊ पूजा करत होता. आधी वरच्या पेटीची केली, कुंकू लावलं, हार घातला, नारळ फोडला. मग मोटारीची करायला आत कट्ट्यावर उतरला. फ्यूज काढायला पेटी उघडावी लागली असती, आणि पेटी पूजली होती. हार सरकवून पूजलेल्या पेटीत हात घालणं त्याच्याच्याने होईना. बारी त्याच्या बापाची, सण मोठा, अख्ख्या शिवारात आज कोणी मोटार लावणार नाही. त्याला भीती कशाची वाटणार? मोटारीच्या मागच्या पंख्याची जाळी गंजून कधीच पडली होती. पात्यांवर चिखल साचला होता. चिखलावर कुंकू कसं लावायचं, म्हणून तो ओल्या फडक्याने एकेक पातं पुसत होता. तेव्हा वर पेटीत खट् आवाज झाला.

काका काठावर होते. त्यांना मुलाची किंकाळी ऐकू आली आणि पाइपात पाणी चढल्याचा आवाजही. त्यांनी धोंडा उचलून पेटी फोडली, हार, नारळ, स्टार्टर सगळं एकदम. मग आत उतरून मुलाला खांद्यावर घालून पायऱ्या चढले. शेजारच्या रानातल्या माणसाने जीप काढली.

मी लातूरच्या दवाखान्यात त्यांच्या आधी पोचले. दारात उभी राहून वाट बघत होते आणि मला पळून जावंसं वाटत होतं. जीप आली. काकांचा सदरा छातीपासून गुडघ्यापर्यंत लाल होता. भावाचा हात धोतरात गुंडाळला होता, काकांच्याच, ते आत नुसत्या चड्डीवर होते. डॉक्टरांनी धोतर सोडलं. अंगठ्याजवळची दोन बोटं मुळापासून गेली होती. काकांनी खिशातून दस्ती काढून टेबलावर उलगडली. बोटं त्यात होती. कुंकू लागलेली, चिखलाची, चेंदा झालेली.

"बसतेत का बघा, साहेब," ते म्हणाले. "कामाची बोटं हायती ती. मोटरीची."

डॉक्टर म्हणाले, यातलं काही बसणार नाही. काकांनी दस्ती पुन्हा गुंडाळली, खिशात ठेवली. भाऊ शुद्धीवर होता. तपासणीच्या टेबलावर पडून छताकडे बघत होता.

मग दवाखान्यातला कारकून कागद घेऊन आला. अशी दुखापत आली की पोलिसांकडे कळवावं लागतं. त्याने विचारलं, मोटार कुणी चालू केली?

काकांना खरंच माहीत नव्हतं. पेटी फोडताना त्यांना वाटलं होतं, वीज आली आणि आपोआप झालं असेल. पण त्यांना आठवलं की मुलाच्या फोनवर सगळं लिहून येतं. त्यांनी त्याच्या खिशातून फोन काढला. काकांना वाचता येत नाही. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

"बाय, तू शिकल्याली. ह्याच्यात काय लिवलंय ते वाच. कुनी लावली?"

मला खोटं बोलता आलं असतं. आपोआप झाली म्हटलं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला असता. पण भाऊ माझ्याकडे बघायला लागला होता. त्याला माहीत होतं. दोनच नंबर होते, आणि एक त्याचा होता.

"माझा नंबर आहे, काका," मी म्हणाले. "मी लावली."

काकांचा हात वर गेला. मी डोळे मिटले नाहीत. तो हात बसावा म्हणून मी मान पुढे केली, इतकी मला त्या माराची गरज होती.

"अण्णा," भाऊ टेबलावरून बापाला म्हणाला. आवाज खोल गेला होता, पण स्पष्ट होता. "अण्णा, बारी तिचीच व्हती."

काकांना बारीचा दिवस चुकेल? तीन दिवस आम्ही, तीन दिवस तुम्ही, एवढ्या वर्षांत ते कधी चुकले नव्हते. एका तासावरून त्यांनी सख्ख्या भावाचं डोकं फोडलं होतं. त्यांनी मुलाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. हात हळूहळू खाली आला. मग ते कारकुनाकडे वळले.

"लिवा, साहेब. बारी तिची व्हती. आमचं पोरगं न सांगता उतरलं. चूक आमची हाय."

"नाही," मी म्हणाले, "काका, आज तर तुमची—"

"गप."

एवढंच. त्यांच्या तोंडून मी हा शब्द हजारदा ऐकला होता आणि कधी ऐकला नव्हता. त्या दिवशी मी गप्प बसले.

कारकुनाने अपघात असं लिहिलं आणि खाली सही मागितली. काका अंगठा उठवतात, त्यांच्या अंगठ्याला मुलाचं रक्त होतं. भावाला लिहिता येतं, पण तो हात आता डॉक्टरांच्या हातात होता. तिघांत सही करण्याजोगी मीच होते. कारकुनाने पेन माझ्याकडे केलं. बारी माझी होती असं लिहिलेल्या कागदावर मी सही केली.